रात्रशाळेला वेळ कोणी दिला?

मुंबईच्या गिरण्यांत विजेचे दिवे लागले आणि सूर्यास्ताचा कामाशी असलेला संबंध तुटला. त्याआधी उजेड गेला की साचे थांबत. अंधारात तुटलेला धागा दिसत नाही, एवढे मालकालाही मान्य करावे लागे. १९०४-०५ च्या सुमारास कापडाला जोराची मागणी आली आणि दिव्यांखाली काम पहाटे पाचपासून रात्री आठपर्यंत ओढले जाऊ लागले. त्यानंतर बसलेल्या सरकारी चौकशी समित्यांनी चौदा-पंधरा तासांचे दिवस नोंदवून ठेवले आहेत. या दिवसात जेवण, आंघोळ, गिरणी ते चाळ अशी पायपीट आणि झोप बसवून पाहावी. शाळेसाठी काही उरत नाही.

हे आधी सांगायचे कारण असे की गिरणगावातल्या शिक्षणाची गोष्ट सहसा दात्यांपासून सुरू होते. अमुक शेटजींनी देणगी दिली, तमुक मास्तरांनी वर्ग काढला, कामगार शिकले. त्यात खोटे काही नाही. पण प्रौढ माणसाच्या शिक्षणाला पैसा आणि शिक्षक यांच्याशिवाय तिसरीही एक गोष्ट लागते. ती म्हणजे त्याचा स्वतःचा वेळ. ती देणगीत मिळत नाही. मुंबईत उद्योगपती आणि शिक्षणातली माणसे शंभर वर्षांहून अधिक काळ एकत्र येत राहिली, आणि त्यांचे कोणते प्रयत्न टिकले, कोणते विरले, हे बघायला गेले की दर वेळी या तिसऱ्या गोष्टीपाशी येऊन थांबावे लागते.

मालकांना शिक्षणात रस नव्हता असे म्हणता येत नाही. १८५४ मध्ये कावसजी दावर यांनी ताडदेवला पहिल्या सूतगिरणीचा घाट घातला, तेव्हा यंत्रे लँकेशायरची होती आणि ती चालवून दाखवणारे साहेबही तिकडचेच. हे साहेब महाग पडत. पुढच्या तीस वर्षांत गिरण्या वाढल्या तशी इथेच तयार झालेल्या तंत्रज्ञांची गरज वाढली. लॉर्ड रिपन यांच्या स्मारकासाठी जमलेला निधी, सरकारची मदत, गिरणीमालकांच्या संघटनेचा पाठिंबा आणि सर दिनशा पेटिट या बड्या गिरणीमालकाचे साहाय्य एकत्र आले आणि १८८७ मध्ये व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट स्थापन झाली. आधी ती भायखळ्याला होती, १९२३ मध्ये माटुंग्याला गेली. आज तिच्या नावात वीरमाता जिजाबाई आहेत. मुंबईकरांच्या तोंडी मात्र ती तेव्हाही व्हीजेटीआय होती आणि आजही आहे.

उद्योग आणि शिक्षण यांच्या भागीदारीचा हा सरळ, हिशेबी नमुना. मालकाला विणाई खात्यावर देखरेख करणारा माणूस हवा, संस्था तो घडवते, दोघांचे भागते. त्यात गैर काही नाही. व्हीजेटीआयमधून निघालेल्या माणसांनी हळूहळू गोऱ्या अधिकाऱ्यांच्या जागा घेतल्या, हेही मोठेच काम. पण दिवसभर साच्यापुढे उभा राहणारा रत्नागिरीचा किंवा साताऱ्याचा माणूस या हिशेबात नव्हता. त्याला शिकवून मालकाचे काय भागणार होते? जॉबर त्याला भरती करी, जॉबरच त्याला काम दाखवी, आणि काम यायला अक्षरे लागत नव्हती.

त्याच्यासाठी विचार करणारे लोक वेगळ्या वाटेने आले. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८५५ मध्ये पुण्यात शेतकरी आणि मजुरांसाठी रात्रीची शाळा काढली होती. दिवसा राबणारा माणूस दिवसा शाळेत येणार नाही, ही साधी गोष्ट ओळखून वेळ बदलणारी ती आपल्याकडची फार सुरुवातीची शाळा. फुल्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे पुढे मुंबईत गिरणीत नोकरीला होते आणि ‘दीनबंधु’ चालवीत. १८८४ मध्ये त्यांनी गिरणी कामगारांची सभा भरवून मागण्या पुढे केल्या. आठवड्याला एक सुट्टी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, कामाला सुरुवातीची आणि शेवटची ठरलेली वेळ. शाळेचा त्यात उल्लेख नाही. तरी मला या मागण्या शिक्षणाच्या इतिहासातल्या वाटतात. १८९० मध्ये मालकांच्या संघटनेने रविवारची सुट्टी मान्य केली. कामगार वस्तीतल्या सभा, वाचन, भजनी मंडळे, तालीम, नाटके, पुढे युनियनच्या बैठका हे सगळे त्या मोकळ्या दिवसाच्या अंगणात वाढले.

१९११ हे साल लक्षात ठेवण्यासारखे आहे. त्या वर्षी नवा फॅक्टरी कायदा झाला आणि कापड गिरणीतल्या प्रौढ पुरुषाच्या कामाला पहिल्यांदाच बारा तासांची मर्यादा आली. त्याच वर्षी मार्चमध्ये नारायण मल्हार जोशी यांनी मुंबईत सोशल सर्व्हिस लीग सुरू केली.

जोशी मूळचे कुलाबा जिल्ह्यातल्या गोरेगावचे. काही वर्षे मास्तरकी केली आणि मग १९०९ मध्ये गोखल्यांच्या भारत सेवक समाजात दाखल झाले. लीगच्या अध्यक्षपदी सर नारायण चंदावरकर होते, म्हणजे हायकोर्टाचा न्यायाधीश राहिलेला, शहरात वजन असलेला माणूस. ही जोडी विचारपूर्वक जमवलेली दिसते. चंदावरकरांच्या नावावर शेटजींची दारे उघडत आणि जोश्यांच्या चिकाटीवर वर्ग चालत. कामाची यादी लांब आहे. रात्रशाळा, मोफत वाचनालये, दवाखाने, पठाणी व्याजातून सुटण्यासाठी सहकारी पतसंस्था. त्यातले माझे आवडते काम म्हणजे फिरती ग्रंथालये. पुस्तकांच्या पेट्या चाळीचाळीतून फिरत. दिवसाचे बारा तास गिरणीला दिलेला माणूस वाचनालयापर्यंत चालत जाणार नाही, तेव्हा पुस्तकानेच त्याच्या दारी जावे, असा तो हिशेब.

पतसंस्था या यादीत उगाच आलेल्या नाहीत. कर्ज कुणाकडे किती, व्याज किती, हप्ता कुठे जमा झाला, हे स्वतः वाचता येणे ही निरक्षर माणसाला समजणारी शिक्षणाची गरज. त्या काळी देशात शंभरात जेमतेम सहा माणसांना लिहितावाचता येत होते. अशा वेळी ‘शिकून काय होणार’ या प्रश्नाला पतपेढीचे पुस्तक हे चांगले उत्तर होते.

लीगकडे पैसा येत होता तो बराचसा गिरण्यांच्या मालकांकडून. टाटा सन्स आणि करीमभाई इब्राहिम या दोन मोठ्या समूहांनी आपापल्या कामगारांसाठी वर्कमेन्स इन्स्टिट्यूट काढल्या आणि त्या चालवायला लीगच्या हाती दिल्या. परळला लीगचे तांत्रिक वर्ग उभे राहिले आणि १९२२ मध्ये सभागृह झाले. त्याला नाव मिळाले ठाकरसी या गिरणीमालक घराण्यातल्या दामोदर ठाकरसींचे. परळचे दामोदर हॉल ते हेच.

आता या व्यवस्थेकडे जरा संशयाने बघायला हवे. कामगारांनी तसे बघितलेही. मालकाच्या पैशाने चाललेल्या वाचनालयात मालकाविरुद्धचे पत्रक वाचता येईल का? संपाच्या दिवसांत तिथला कार्यकर्ता कुणाच्या बाजूला? कल्याणकारी कामे म्हणजे संप टाळायचा स्वस्त उपाय, ही टीका मुंबईतच नव्हे, जगभरच्या औद्योगिक शहरांत झाली आहे, आणि ती निराधार नाही. १९२८ मध्ये गिरण्यांचा सहा महिन्यांचा संप झाला. त्यानंतर गिरणगावाने मवाळ सुधारकांऐवजी लाल बावट्याकडे तोंड वळवले, हेही खरे.

तरीही लीगचा नमुना मला मालकाच्या थेट शाळेपेक्षा उजवा वाटतो, कारण मध्ये एक तिसरा होता. पैसा मालकाचा, वर्ग कामगाराचा, पण किल्ली लीगकडे. आणि या तिसऱ्याची निष्ठा कुणाकडे होती, ते जोश्यांच्या पुढच्या प्रवासातून दिसते.

१९१९ मध्ये वॉशिंग्टनला आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेची पहिली परिषद भरली. भारताच्या कामगारांचे प्रतिनिधी म्हणून तिथे गेले ना. म. जोशी. त्या परिषदेने दिवसाला आठ तास, आठवड्याला अठ्ठेचाळीस तास असा जगाचा पहिला कामगार करार केला. ब्रिटिश हिंदुस्थानसाठी मात्र त्यात वेगळे कलम होते आणि आठवड्याला साठ तासांवर भागवले गेले. ते अन्यायाचेच, पण चालू परिस्थितीपेक्षा बरे. १९२२ मध्ये फॅक्टरी कायद्यात दुरुस्ती झाली. दिवसाचे अकरा तास, आठवड्याचे साठ. तोवर जोशी मध्यवर्ती कायदेमंडळात सरकारनियुक्त सभासद म्हणून बसले होते आणि कामगारांच्या बाजूने तिथे बोलत होते. १९३४ च्या कायद्याने दिवस दहा तासांवर आला आणि आठवडा चोपन्नवर. १९४८ च्या कायद्याने नऊ आणि अठ्ठेचाळीस. जोशी १९५५ मध्ये गेले. डिलाईल रोडला आज त्यांचे नाव आहे.

एकच माणूस संध्याकाळी परळला रात्रशाळेची घडी बसवतो आणि दिवसा कायदेमंडळात कामाचे तास कमी करायला झगडतो. चरित्रकार याला सहसा दोन वेगळी कार्ये मानतात, एक समाजसेवेचे आणि दुसरे कामगार चळवळीचे. मला ते एकच काम दिसते. रात्रशाळेत फळा, खडू, कंदील, मास्तर सगळे असूनही समोर बसलेला विद्यार्थी पेंगत असेल, तर त्याचा उपाय रात्रशाळेत सापडणार नाही. तो कायद्यात सापडेल.

बायकांच्या बाबतीत वेळेचा हिशेब आणखी गुंतागुंतीचा. १९२० च्या दशकात मुंबईच्या गिरण्यांत सुमारे पाचवा हिस्सा कामगार स्त्रिया होत्या, बहुतेक वायंडिंग आणि रीळ खात्यात. त्यांचा दिवस भोंग्याने संपत नसे. घरी चूल वाट बघत असे. त्यांच्या बाजूने विचार करणारी उदाहरणे गिरणगावात कमी आणि पुण्यात जास्त सापडतात. रमाबाई रानडे यांच्या पुणे सेवासदनाने प्रौढ, विवाहित बायकांसाठी दुपारचे वर्ग ठेवले. सकाळचा स्वयंपाक आवरलेला, संध्याकाळचा सुरू व्हायचा, तेवढा मधला वेळ.

धोंडो केशव कर्वे यांच्या महिला विद्यापीठाची गोष्ट या प्रकरणात सांगायलाच हवी, कारण मराठी मुलखातली शिक्षणतज्ज्ञ आणि उद्योगपती यांची सर्वांत गाजलेली जोडी तिथेच आहे. १९१६ मध्ये कर्व्यांनी विद्यापीठ काढले, तेव्हा हाताशी चार-दोन विद्यार्थिनी आणि वर्गण्यांची वही. १९२० मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी पंधरा लाख रुपये देऊ केले आणि विद्यापीठाला त्यांच्या आईचे, नाथीबाई दामोदर ठाकरसी यांचे नाव मिळाले. पंधरा लाख ही रक्कम तेव्हा डोळे विस्फारायला लावणारी होती. तिचे व्याज म्हणून वर्षाला साडेबावन्न हजार रुपये मिळायचे ठरले.

आणि मग अटी आल्या. विठ्ठलदास १९२२ मध्येच वारले. देणगीमागचा माणूस गेला, कागदावरच्या अटी मागे राहिल्या. पुढे विश्वस्त आणि विद्यापीठ यांच्यात त्यांवरून वाद झाला, वार्षिक रक्कम अडली, आणि तडजोड होता होता १९३६ मध्ये विद्यापीठाचे मुख्य ठाणे पुण्याहून मुंबईला हलले. दाते आणि शिक्षक दोघेही सज्जन असले तरी हे होते. भागीदारी माणसांत झालेली असते, ती निभावायची मात्र त्यांच्यानंतरच्या विश्वस्तांना आणि रजिस्ट्रारांना असते. आज कंपन्या आणि शाळा एकमेकांशी सामंजस्य करार करतात, फोटो काढतात, तेव्हा मला हटकून ही साडेबावन्न हजारांची गोष्ट आठवते.

करीमभाई समूहाचेही तसेच. १९३० च्या दशकातल्या मंदीत तो कोसळला. एका पेढीच्या वहीतून ज्या संस्थेचा खर्च निघतो, तिला त्या पेढीच्या दिवाळ्याची भीती असतेच.

या अडचणीवर स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्याने एक उत्तर काढले. ते कायदेशीर होते आणि बरेच कल्पकही. १९५३ मध्ये कामगार कल्याण निधीचा कायदा झाला. निधी कुठून आणायचा? कामगारांकडून वसूल झालेले दंड, आणि गिरण्यांच्या वह्यांत वर्षानुवर्षे पडून राहिलेली, कुणी न नेलेली देणी. गावी गेलेला, परत न आलेला, मेलेला, काढून टाकलेला कामगार आपला शेवटचा पगार न घेताच जाई. अशा थकीत रकमा मालकाकडेच राहत. कायद्याने म्हटले, हा पैसा मालकाचा नाही, कामगारांच्या कल्याणासाठी आणा. बॉम्बे डाइंग या कंपनीने याला आव्हान दिले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९५० च्या दशकाच्या अखेरीस न्यायालयाने दंडाची तरतूद राखून थकीत देण्यांचा भाग रद्द ठरवला. नंतर कामगाराला नोटीस देऊन, दावा सांगायला मुदत ठेवून दुरुस्त स्वरूपात ही तरतूद पुन्हा आली.

पुढे या निधीत नियमित वर्गणीही सुरू झाली. जून आणि डिसेंबर असे वर्षातून दोनदा कामगाराच्या पगारातून काही रुपये कापले जातात, मालक त्याच्या तिप्पट घालतो आणि सरकारचाही हिस्सा असतो. पगाराच्या पावतीवर ही कपात इतकी किरकोळ दिसते की बहुतेकांचे तिकडे लक्षही जात नाही. पण याच पैशावर महाराष्ट्र कामगार कल्याण मंडळाची केंद्रे उभी आहेत. शिवणवर्ग, वाचनालये, बालवाड्या, व्यायामशाळा, मुलांना शिष्यवृत्त्या, आणि ज्यांतून मराठी रंगभूमीला नट मिळत गेले त्या कामगार नाट्यस्पर्धा. दात्याच्या मर्जीवर चालणाऱ्या वर्कमेन्स इन्स्टिट्यूटपेक्षा ही रचना नीरस आहे, सरकारी आहे, रंग उडालेल्या भिंतींची आहे. टिकली मात्र तीच. मालकाचा वाटा इथे देणगी नसून देणे आहे, आणि कामगाराचे स्वतःचे चार पैसे आत असल्याने तिथे येणारा कुणाचा उपकार घेत नाही.

तोवर गिरण्यांचे दिवस-रात्रही बदलले होते. तीन पाळ्या लागल्या. सकाळी सातची, दुपारी साडेतीनची, रात्री बाराची. दुसऱ्या पाळीवाल्याला संध्याकाळची शाळा कायमची बंद. बदली कामगाराची तर आणखी वाईट गत. तो रोज गिरणीच्या दारात उभा राही, काम मिळेल की नाही आणि कोणत्या खात्यात मिळेल, हेच त्याला ठाऊक नसे. मग जूनमध्ये नाव घालून मार्चमध्ये परीक्षेला बसायचे, अशा शाळेत तो टिकेल कसा? पटावर नाव, हजेरीत शून्य. शिक्षक त्याला गैरहजर लिहीत. प्रत्यक्षात तो साच्यापुढे हजर असे.

१९६७ मध्ये वरळीला सुरू झालेले श्रमिक विद्यापीठ या अडचणीला थेट भिडले. मुंबई शहरात १९३९ च्या साक्षरता मोहिमेपासून प्रौढ शिक्षणाचे काम करत आलेली एक समिती होती. पुढे ती सिटी सोशल एज्युकेशन कमिटी म्हणून ओळखली गेली. युनेस्कोच्या कल्पनेतून आणि केंद्र सरकारच्या पैशातून हे विद्यापीठ त्या समितीकडे सोपवले गेले. नावात विद्यापीठ असले तरी पदवी नाही, प्रवेशाची अट नाही, ठरलेला अभ्यासक्रमही नाही. कल्पना अशी होती की आधी कामगाराला आणि त्याच्या कारखान्याला विचारायचे, अडते कुठे? यंत्राचे रेखाचित्र वाचता येत नाही, मापे घेता येत नाहीत, बढतीच्या परीक्षेत गणित आडवे येते, इंग्रजी सूचना कळत नाहीत. जे अडते त्याभोवती थोड्या दिवसांचा वर्ग बांधायचा, आणि पाळी सुटल्यावर त्याला सोयीचा पडेल अशा वेळी घ्यायचा. शिकवणारे त्या त्या धंद्यातले जाणकार. त्याच वर्गात आरोग्य, कुटुंबाचा खर्च, कायद्याने मिळालेले हक्क यांचाही भाग असे, कारण कामगार म्हणजे नुसते दोन हात नव्हेत, ही युनेस्कोची आग्रहाची भूमिका होती.

इथे वेळापत्रक शाळेचे नव्हते, शिकणाऱ्याचे होते. लोखंडे, जोशी आणि कामगारांचे अनेक संप यांनी कायद्यातून मिळवलेले तास कसे वापरायचे, याची इतकी नेमकी योजना आपल्याकडे आधी झालेली मला माहीत नाही. मुंबईचा नमुना बघून देशभर श्रमिक विद्यापीठे निघाली.

मग १८ जानेवारी १९८२ उजाडला. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. संपाची कहाणी इथे पुन्हा सांगत नाही. त्यावर पुस्तके आहेत, नाटके आहेत. या प्रकरणापुरते एवढेच की संपानंतर लाखभर माणसांना गिरणीने परत घेतले नाही, आणि पुढच्या वीस वर्षांत गिरण्याच गेल्या. आयुष्यात पहिल्यांदा गिरणी कामगाराकडे वेळच वेळ होता. चाळीस-पंचेचाळीस वर्षांचा, हातात कसब असलेला, पण ते कसब लागेल असे यंत्र शहरात न उरलेला माणूस. आयुष्यभराचे शिक्षण हा शब्द जर कुणासाठी घडवला असेल तर तो याच्यासाठी.

आणि नेमक्या याच वेळी भागीदारी कुठे दिसत नाही. मालकांचे लक्ष जमिनीकडे लागले होते. १९९२ मध्ये केंद्र सरकारने नॅशनल रिन्यूअल फंड स्थापन केला. उद्योग बंद पडल्याने बाहेर पडणाऱ्यांना नवे काम शिकवायचे, सल्ला द्यायचा, पायावर उभे करायचे, असा त्याचा जाहीर हेतू. प्रत्यक्षात बहुतेक पैसा स्वेच्छानिवृत्तीची रक्कम देण्यात गेला आणि नव्या प्रशिक्षणाच्या वाट्याला किरकोळ आला. रिकाम्या पोटी, मुलांच्या फीच्या काळजीत, चाळीतल्या लोकांच्या नजरा चुकवत मिळालेला वेळ शिकायला उपयोगी पडत नाही, हेही तेव्हा दिसले. जोश्यांनी मागितला होता तो पगाराच्या आधाराने मिळणारा मोकळा तास. बेकारीची दुपार वेगळी.

गिरणी कामगारांच्या खानावळी चालवणाऱ्या बायकांनी या काळात काही शिकून दाखवले, ते प्रेमा पुरव यांच्या अन्नपूर्णा महिला मंडळामुळे. १९७५ मध्ये सुरू झालेल्या या मंडळाने त्यांना बँकेच्या कर्जापर्यंत नेले. हिशेब, व्यवहार, सही हे शिक्षण धंद्याच्या ओघात झाले, वेगळा तास न काढता.

श्रमिक विद्यापीठांना २००० मध्ये जन शिक्षण संस्थान हे नाव मिळाले. २०१८ मध्ये ती शिक्षण खात्याकडून कौशल्य विकास मंत्रालयाकडे गेली. आता तिथला विद्यार्थी कारखान्यातला कामगार असेलच असे नाही. निरक्षर, नवसाक्षर, आठवीपर्यंत शिकलेले, बारावीच्या आत शाळा सुटलेले लोक, आणि त्यांत बायकांची संख्या मोठी. शिवण, ब्युटी पार्लर, वायरमनचे काम. उपयोगाचे आहे, गरज आहे. पण पाळी सुटलेल्या कामगाराला ‘तुझे कुठे अडते’ असे विचारणारी ती संस्था आता राहिलेली नाही.

मुंबईच्या रात्रशाळा अजून आहेत. संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास दिवसाच्या शाळेची मुले गेलेल्या वर्गात दुकानातला नोकर, ऑफिसबॉय, घरकाम करणारी मुलगी, कुरिअरवाला येऊन बसतात. बाके लहान मुलांच्या मापाची असतात. २००८ पासून ‘मासूम’ ही संस्था या शाळांना साहाय्य करते आणि कंपन्यांचा पैसा अशा संस्थांमार्फत रात्रशाळेपर्यंत पोहोचतो. म्हणजे मध्ये तिसरा असण्याचा लीगचा जुना नमुनाच. सरकारने २०१७ मध्ये ‘दुबार’ शिक्षकांना, म्हणजे दिवसा एका शाळेत आणि रात्री दुसऱ्या शाळेत शिकवणाऱ्यांना, रात्रशाळेतून काढले. दिवसभर शिकवून थकलेला माणूस रात्री काय शिकवणार, हा त्यामागचा युक्तिवाद चुकीचा नव्हता. फक्त दिवसभर राबून थकलेल्या विद्यार्थ्याच्या बाबतीत तो कुणी केला नाही.

परळच्या दामोदर हॉलमध्ये लीगच्या शाळेशेजारी शंभर वर्षे कोकणातले नमन, कामगारांची नाटके, सहकारी मनोरंजन मंडळाचे प्रयोग होत राहिले. २०२३ च्या अखेरीस पुनर्विकासासाठी ते बंद झाले आणि रंगकर्मींनी त्याविरुद्ध आवाज उठवला. शाळेला जागा हवी आणि नाटकाला जागा हवी, यातून भांडण निघाले. गिरणगावात या दोन गोष्टी एकाच छताखाली नांदल्या होत्या.

उद्योगांचा पैसा आता पूर्वीपेक्षा जास्त आणि नियमाने येतो. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या १३५ व्या कलमाप्रमाणे ठरावीक आकाराच्या कंपन्यांना तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर, म्हणजे सीएसआरवर, खर्च करावे लागतात. कायद्याच्या सातव्या अनुसूचीत शिक्षण आहे, रोजगारक्षम कौशल्ये आहेत, आणि ती मुले, स्त्रिया यांच्याबरोबर वृद्धांसाठीही, असे स्पष्ट लिहिले आहे. गंमत पुढे आहे. २०२१ मध्ये दुरुस्त झालेल्या नियमांनुसार कंपनीने आपल्याच कर्मचाऱ्यांच्या फायद्यासाठी केलेला खर्च या दोन टक्क्यांत धरता येत नाही. हेतू समजण्यासारखा आहे. नाहीतर प्रत्येक कंपनी आपल्या मॅनेजरांच्या सहलींना समाजसेवा म्हणेल. पण परिणाम असा की टाटा किंवा करीमभाईंनी काढली तशी वर्कमेन्स इन्स्टिट्यूट आज कुणी आपल्या कामगारांसाठी काढली, तर ती सीएसआरमध्ये बसणार नाही. दुसऱ्याच्या कामगाराला शिकवले तर बसेल.

सप्टेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने कारखान्यांतल्या कामाच्या दिवसाची मर्यादा नऊवरून बारा तासांपर्यंत नेण्याला मंजुरी दिली. आठवड्याचे अठ्ठेचाळीस तास कायम आहेत, जादा कामाला कामगाराची संमती आणि दुप्पट दर आहे, हे नोंदवायला हवे. चार दिवस बारा-बारा तास आणि तीन दिवस मोकळे असेही गणित त्यातून निघू शकते. ते तीन दिवस प्रत्यक्षात मिळाले, तर रात्रशाळेचे वेळापत्रक नव्याने मांडावे लागेल, कदाचित शुक्रवार ते रविवार असे. नाही मिळाले तर साडेसहाच्या तासाला येणार कोण, हा प्रश्न आहे.

आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा १९७४ चा १४० क्रमांकाचा करार शिक्षणासाठी भरपगारी रजेचा आहे. कामगाराने शिकायला जायचे आणि त्या काळाचा पगार बुडू नये, असे तो म्हणतो. आठ तासांचा जगातला पहिला करार भारताने १९२१ मध्येच, सवलतीचे साठ तास घेऊन का होईना, मान्य केला होता. १४० व्या करारावर भारताने अजून मान्यतेची मोहोर उमटवलेली नाही, आणि त्याची मागणी कुठल्या मोठ्या युनियनच्या पत्रकात, कुठल्या उद्योगसंघटनेच्या अहवालात किंवा कुठल्या विद्यापीठाच्या ठरावात माझ्या वाचनात आलेली नाही.